शनिवारचा पाहुणा

आपा, शनिवारचा पाहुणा येऊन गेला. तुम्ही ठरवून ठेवलेला. वेळेआधीच आले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, आणि निघाले तेव्हा समाजमंदिरातलं सगळं माणूस उठून उभं राहिलं. हे आधी सांगून टाकते, कारण तुमचा पहिला प्रश्न मला पाठ आहे. कार्यक्रम कसा झाला हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. "पाहुणा नीट घरी पोचला का?" एवढंच. पोचले. त्यांच्या सुनेचा फोन आला होता.

मंगळवारी सकाळी नसीमचा फोन आला तेव्हा तव्यावर पोळी होती. माझं तुम्हाला ठाऊकच आहे, फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. गावाकडचा, जतचा नंबर असला की जास्तच. तुमच्या लेकीचं नाव दिसलं म्हणून उलट मी निवांत फोन घेतला. ती म्हणाली, "सुरेखाताई, अम्मी गेली."

मी म्हटलं, "कुठं?"

हसू नका. दवाखान्यातून घरी येऊन तुम्हाला चारच दिवस झाले होते, तरी मला खरंच वाटलं की तुम्ही कुठंतरी निघालात. एखादा पाहुणा ठरवायला, उरणला नाहीतर ऐरोलीला. तुम्ही कधी नुसत्या घरी बसलेल्या मी पाहिल्याच नव्हत्या. पोळी करपल्याचा वास आला तेव्हा कळलं, नसीम काय म्हणाली ते.

लोक मला विचारतात, तुझी आणि आपांची ओळख कशी? पोळीभाजी केंद्र चालवणारी बाई आणि चष्म्याच्या दुकानाची मालकीण. तांदळातले खडे दिसेनात म्हणून मी तुमच्या दुकानात आले होते. तुम्ही मला खुर्चीत बसवलंत आणि भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितलीत. मला घाम फुटला. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर भिंतीवर लिहिलेलं काही मी कुणासमोर मोठ्यानं वाचलं नव्हतं. मी म्हणाले, "मला येत न्हाई."

तुम्ही म्हणालात, "येत नाही की दिसत नाही? नंबर दिसण्याचा काढायचा असतो बाय, येण्याचा नाही."

आणि तो तक्ता उलटा करून मराठी अक्षरांची बाजू लावलीत. मी 'ग'ला 'म' म्हणाले, 'भ'ला 'म' म्हणाले, आणि तुम्ही म्हणालात, "छान, तुझं सगळं 'म'वर चाललंय." त्या दिवशी मी चष्मा घेऊन गेले आणि तुमच्या क्लबाच्या रक्तदान शिबिराच्या पोळ्यांची ऑर्डरपण घेऊन गेले. वर तुमची अट. "पोळ्या पाठवायच्या नाहीत. घेऊन यायच्या. आणि आल्यावर बसायचं."

मी आले आणि बसले. तशीच क्लबात आले मी. अर्ज नाही, मुलाखत नाही. एका शनिवारी पाहुण्याचं भाषण आणि पुढच्या शनिवारी कुठंतरी भेट, असा आपल्या क्लबाचा रिवाज. मागच्या रांगेत बसून भाषणं ऐकायची, पदर सावरत चहा द्यायचा, एवढ्यात मी खूश होते. तुम्ही नव्हतात खूश.

त्या हृदयरोगवाल्या डॉक्टरांचा परिचय मी करून द्यायचा, हे तुम्ही मला न विचारता ठरवलंत. आपले अध्यक्ष सबनीस साहेब, त्यांनी तो लिहून दिला. त्यात 'ज्ञानतपस्वी' होतं, 'सेवाव्रती' होतं, आणखी काय काय होतं. आठवडाभर मी पोळ्या लाटताना ते म्हणत होते. नवरा म्हणाला, "अगं, कणीकसुद्धा तपस्वी झाली आता." आणि माइकसमोर उभी राहिले तर सगळं साफ. समोर एवढी सुशिक्षित माणसं, बाजूला सुटातले डॉक्टर. काहीतरी तर बोलायला हवं. आमच्याकडं दारात अनोळखी माणूस आला की जे विचारतात तेच तोंडातून निघालं.

"पावणं, गाव कंचं म्हणायचं तुमचं?"

काय हसले लोक! डॉक्टर गोंधळून म्हणाले, "अं... वाशी." त्यावर आणखी हशा. आणि मी, आपा, मला अजून कळत नाही मी कुठल्या धिटाईनं म्हणाले, "न्हाई, वाशी ऱ्हायला. गाव?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, "निलंग्याच्या पुढं आहे. तुम्हाला माहीत नसेल." मग त्यांनी आणलेले कागद बाजूला ठेवले आणि गावातल्या कंपाउंडरनं लहानपणी त्यांच्या कानाला नळी लावून म्हशीचं काळीज कसं ऐकवलं होतं, तिथून सुरुवात केली. असं भाषण त्या समाजमंदिरात आधी झालं नव्हतं. पण मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. माझ्या कानात तो हशाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही केंद्रावर आलात. मी तोंड लपवून कणीक मळत होते. तुम्ही म्हणालात, "तुझं ते वाक्य मी घेतलंय. परत मागायचं नाही."

तेव्हापासून प्रत्येक पाहुण्याला पहिला प्रश्न तोच. आणि विचारायचा मीच, माझ्याच बोलीत. बँकेचे मॅनेजर, अग्निशमनचे अधिकारी, कंपनीवाल्या मॅडम, सगळ्यांना. कुणी लाजलं, कुणी खुललं, एकाला तर रडू आलं. सबनीस साहेब सुरुवातीला कपाळाला हात लावायचे. नंतर तेच नव्या सभासदांना सांगायला लागले, "हे आमच्या क्लबाचं वैशिष्ट्य." तुम्ही माझ्याकडं बघून डोळा मारलात. या वयात, आपा!

आणि तो हिराबाईंचा शनिवार. सारसोळ्याच्या हिराबाई, मासळी विकणाऱ्या. नाकात मोठी नथ, हातात बांगड्या, अंगावर शाल घेऊन ताठ बसल्या होत्या. मी रिवाजाप्रमाणं विचारलं, "पावणं, गाव कंचं?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी शिळे बोंबील विकायला बसलेय.

"मी कशाची पावनी गो? यो माजाच गाव हाय. तुमी बसलाव ना, हितं खाडीचं पानी यायचं. पावनं तुमी!"

ज्यांच्या जमिनीवर आपण सगळे टॉवर बांधून राहतो, त्यांनाच आपण व्यासपीठावर बोलावून गाव विचारत होतो. मला वाटलं, आता बाई उठून जाणार. तेवढ्यात मागून तुमचं हसणं ऐकू आलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. मग उभ्या राहून म्हणालात, "बरोबर बोलतेय ती. चला, सगळ्या पाहुण्यांनी उठायचं आणि हिराबाईंना आपापलं गाव सांगायचं."

आणि सगळे उठले हो. संगमेश्वर, चाळीसगाव, जत, कुणी केरळातलं, कुणी बिहारमधलं. मागं चहाच्या भांड्यापाशी उभा असलेला वॉचमनसुद्धा. हिराबाई एकेकाला मान डोलावत होत्या, जणू पानावर बसवून घेतायत. सबनीस साहेब म्हणाले, "दादर." हिराबाई म्हणाल्या, "दादर काय गाव हाय? खरा सांग." मग साहेबांना आजोबांचं गाव आठवून सांगावं लागलं. मी क्लबाचे पुष्कळ मोठे पाहुणे पाहिले, पण माझी छाती फुगली ती त्या दिवशी. गावापासून इतक्या लांब राहून पहिल्यांदा वाटलं की इथं लांबून आलेली मी एकटीच नाही. सगळा हॉल लांबून आलाय.

आता आपल्या भांडणाचं.

भगवानचं. तो गटारांत उतरून काम करणारा. तुम्ही त्याला बोलावलंत, शाल दिलीत, नारळ दिलात, खुर्चीत बसवलंत. गाव मी विचारलं, ते त्यानं सांगितलं. पुढं त्याला एक शब्द सुचेना. माइक धरून बसला, घाम पुसत होता, पुन्हा माइक धरत होता. लोक बिचारे वाट बघत राहिले. शेवटी कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या, आणि तो चहासुद्धा न घेता गेला. त्या मागच्या खोलीत, कपबशा विसळताना मी तुमच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा कुणा मोठ्या माणसावर.

"त्याला तमाशाला उभं केलंत तुम्ही."

"खुर्ची त्याच्या हक्काची आहे, सुरेखा. त्याला बोलावलं तर तो आला. नको म्हणाला नाही."

"तुम्हाला नको कोण म्हणणार, आपा?"

तुम्ही पुढच्या आठवड्यात त्याला भेटून आलात आणि मला सांगितलंत, "बघ, बरं वाटलं म्हणतोय." मी म्हणाले, "चष्म्याचं दुकान चालवता आणि एवढं दिसत नाही?" हे लागलं तुम्हाला. मलाही कळलं लागलं ते. पण मागं घेतलं नाही, आणि आजही घेणार नाही. तुमचं म्हणणं, लहान माणसाला मोठ्या खुर्चीत बसवायलाच पाहिजे. माझं म्हणणं, त्या खुर्चीत किती थंडी वाजते ते तुम्हाला माहीत नाही, मला माहीत आहे. दवाखान्यात तुम्ही नाकात नळी असताना म्हणालात, "तो भगवानचा विषय राहिला आपला." मी म्हटलं, "बऱ्या व्हा, मग भांडू." तुम्ही म्हणालात, "नक्की हं." असं भांडण उधार ठेवून जातं का कुणी?

बुधवारी क्लबाची बैठक झाली. सगळ्यांचे डोळे लाल. सबनीस साहेब म्हणाले, "शनिवारी शोकसभा घेऊ. पाहुण्यांना कळवून टाका, पुढं कधीतरी बघू." कळवायचं काम माझ्याकडं आलं. पाहुणे होते हसुरामदादा, उरणजवळच्या मोऱ्याहून मुंबईला भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचचे तांडेल होते ते, लाँच चालवणारे. मी कधी त्यांच्याशी बोलले नव्हते. त्यांना तुम्ही ठरवलं होतं.

फोन लावला. पलीकडून खणखणीत आवाज. "बोला! आपा कशा हायेत?"

त्यांना माहीतच नव्हतं. मी सांगितलं. मग म्हणाले, "मंग मी येव का नको?"

मला काय सांगायचं ते ठरलेलं होतं. 'नको दादा, पुढं कळवू.' एवढंच. चार माणसांनी ठरवलेलं मी कधी मोडलेलं नाही. वर्गात, घरात, बाजारात, कुठंच नाही. पण त्यांनी ज्या आवाजात विचारलं ना, त्यात मला कळलं की आज 'नको' म्हटलं तर 'पुढं' कधीच येणार नाही. तुमच्या पाठोपाठ तुमचे पाहुणेही जातील. पुढच्या खेपेला कुणीतरी मोठं नाव येईल, पडद्यावर चित्रं दाखवील, आणि गाव विचारायचं कारणच उरणार नाही.

"या," मी म्हणाले. "वाट बघते."

फोन ठेवला. तशीच सबनीस साहेबांच्या घरी गेले. साहेब म्हणाले, "सुरेखाताई, औचित्य म्हणून काही असतं." मला औचित्य हा शब्द नीट माहीत नव्हता, पण अर्थ कळला. मी म्हणाले, "साहेब, शोकसभाच करू. पण आपांच्या सभेत आपांचा पाहुणा नको?"

साहेब मग म्हणाले, "बघा मग. जबाबदारी तुमची."

जबाबदारी तुमची! दोन दिवस गॅसचं बटण बंद केलं का हे बघायला किती वेळा मागं फिरले, नवऱ्याला विचारा.

शनिवारी जाऊन बघते तर पाहुण्याच्या खुर्चीत तुमचा फोटो. वर शेवंतीचा मोठा हार, खाली समई. सबनीस साहेबांनी स्वतः बाजारात जाऊन आणलेला हार होता. तुमच्यात फोटोला हार घालत नाहीत हे आमच्या एकाच्याही ध्यानात आलं नाही, इतक्या वर्षांत तुम्ही आम्हाला इतक्या आमच्याच वाटलात. नसीम दारातच थबकली. साहेबांच्या लक्षात आलं, चेहरा उतरला. नसीमच पुढं झाली. म्हणाली, "काका, अम्मी म्हणाली असती, शेवंती किती ताजी आहे." साहेबांनी हार काढून टेबलावर ठेवला. समई मी कोपऱ्यात नेली, विझवली नाही.

आणि फोटो? मी म्हणाले, "आपा या खुर्चीत कधी बसल्या नाहीत. त्या शेवटच्या रांगेत बसायच्या, पाहुण्याचा आवाज मागपर्यंत येतो का बघायला." फोटो शेवटच्या रांगेत गेला. माझ्याच तोंडून हे निघतंय यावर माझा विश्वास बसत नव्हता.

हसुरामदादा खुर्चीत बसले. मी गाव विचारलं. "मोरा," ते म्हणाले, आणि थांबले. माइककडं बघितलं, लोकांकडं बघितलं, तुमच्या फोटोकडं बघितलं. कपाळावर घाम. फोनवरचा तो खणखणीत आवाज कुठं गेला कोण जाणे. मला समोर भगवान दिसला, आपा. तसाच. आणि आता ज्यांच्यावर ओरडायचं, त्या तुम्हीही नव्हतात.

मग मी चहाच्या टेबलाजवळची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. माइक खाली ठेवला. लोकांकडं बघायचं सोडून त्यांच्याकडं बघितलं आणि विचारलं, "दादा, लाँच धक्क्याला लावताना पहिलं काय करता?"

"पयलं? पयलं इंजिन मंद करायचा."

"मग?"

"मंग वारा बगायचा. कोनचे बाजून हाय तो." हात हलायला लागले. "घाई केली का गेला. धक्का काय पलून जात नाय."

लोक हसले. दादा मागं रेलले. मग सुरूच झाले. दर्या खवळला तर काय करायचं, धुक्यात भोंगा कसा ऐकायचा, लाँचवर जन्मलेलं पोर, लाँचवर जुळलेली लग्नं. मी मधून मधून नुसतं 'मग?' म्हणत होते. आणि मग ते म्हणाले, "तुमची ही आपा. मी तवा खलाशी व्हतो, कवळा. ही पोरगी कालेजाला मुंबईला जायाची आमचे लाँचनं. रोज उलटी. रोज! मी बोलायचो, बाय, घरी ऱ्हा, तुला दर्या सोसत नाय. तर मला बोलायची, तुमी लाँच चालवा, माझा मी बघते."

नसीमनं तोंडावर हात ठेवला. तिलाही ठाऊक नव्हतं. आपा, तुम्ही मला 'टेन्शनबाई' म्हणायचात. माझ्या पोटातल्या गोळ्याची किती चेष्टा केलीत. आणि स्वतः रोज पोट धरून खाडी ओलांडत होता, हे एकदासुद्धा सांगितलं नाहीत? सांगितलं असतंत तर मी थोडी लवकर उभी राहिले असते. का मुद्दामच सांगितलं नाहीत? मला वाटतं मुद्दामच. पोट दुखत असताना उभं राहायचं असतं, हे तुम्हाला मला दुसऱ्याच्या गोष्टीतून शिकवायचं नव्हतं.

भगवानवरून मी जिंकले असं म्हणत नाही. खुर्चीबद्दल तुमचं खरं होतं, दादांना त्या खुर्चीत बघितल्यावर पटलं. एकट्याला बसवण्याबद्दल माझं खरं होतं. हे तुम्हाला सांगायला आता मिळणार नाही याचा राग येतोय. रागावते मी तुमच्यावर, घास घेताना, लाटणं हातात असताना. आणि मग लगेच अभिमान वाटतो, की मला रागावता येईल असं एवढं मोठं माणूस या परक्या शहरात माझं होतं.

आभार मी कधीच मानले नाहीत तुमचे. माइकवर सगळ्यांचे मानले, सभागृहाचे, चहावाल्याचे, पाऊस पडला नाही म्हणून पावसाचे. तुमचे मानायला गेले की तुम्ही मागून हात हलवून 'पुढं जा' म्हणायचात. शनिवारीही मानले नाहीत. तशीच पुढं गेले.

संध्याकाळी हसुरामदादांना सोडायला मी नेरूळ स्टेशनवर गेले. उरणची गाडी यायला वेळ होता. शाल त्यांनी घडी करून छातीशी धरली होती. म्हणाले, "बाय, तू क्लबान काय बगतंस?"

आजवर हे कुणी विचारलं की मी सांगायची, 'पोळ्यांचं.' तेच तोंडावर आलं होतं. गाडीचे दिवे दिसायला लागले.

"पाहुण्यांचं," मी म्हणाले. "पाहुण्यांचं मी बघते."

"मंग बरा हाय," म्हणाले, आणि गाडीत चढले.